तोंडावर गार पाण्याचे हबके, बस्स एवढंच!

शेवंती_७९ | ११ मे, सकाळी ७:१२

गेले सहा महिने मी तोंडाला साबण लावलेला नाही. फेसवॉश नाही, स्क्रब नाही, टोनर नाही. आता नाक मुरडणाऱ्यांनी मुरडून घ्या, मग पुढे वाचा.

नोव्हेंबरात भाचीचं लग्न होतं. आदल्या आठवड्यात एका पार्लरमध्ये जाऊन ब्लीच आणि "क्लीनअप" करून आले. दुसऱ्या दिवशी गाल लालबुंद, नाकाच्या दोन्ही बाजूंना सालपटं आणि नुसती पावडर लावली तरी आग आग. फोटोत मी सगळीकडे मागच्या रांगेत आहे. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आधी ते सगळं बंद कर. गार पाण्यानं तोंड धू आणि गप बस." त्यांच्या वयाला (८१) त्यांचे गाल अजून तुकतुकीत आहेत, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

माझा दिनक्रम असा. सकाळी चूळ भरली की माठातलं पाणी तांब्यात घ्यायचं, डोळे मिटून ओंजळीने पंधरा-वीस हबके मारायचे. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या पंचाने टिपायचं. खसाखसा पुसायचं नाही. तोंड ओलसर असतानाच खोबरेलाचे दोन थेंब तळहातावर चोळून वरवर फिरवायचे. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर परत हबके. रविवारी डाळीचं पीठ सायीत कालवून. झालं.

गार पाण्याने रंध्रं बंद होतात, त्यामुळे धूळ आत जात नाही आणि रक्ताभिसरण वाढून चेहरा उजळतो. मला तरी शंभर टक्के फरक पडलाय. तुमचे अनुभव लिहा. (घरातली एकच तक्रार: माठातलं पाणी दुपारपर्यंत पुरत नाही.)

---

कोकमकढी | ११ मे, सकाळी ८:०५

पहिला नंबर माझा! शेवंतीताई, तुमचं पुणं कोरडं, म्हणून माठ गार पडतो. आमच्याकडे गुहागरला मे महिन्यात माठ ठेवला तर तो आमच्यासारखाच घामाघूम होऊन बसतो, पाणी काही गार होत नाही. हवेतच एवढं पाणी आहे की माठातलं उडून जायला जागा कुठाय?

पण विहीर आहे. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट लागतं. लहानपणी कळशी काढली की पहिली ओंजळ तोंडावर. तेव्हा स्किनकेअर वगैरे शब्द ठाऊक नव्हता, झोप उडवायची एवढाच हेतू.

---

नाना_निवृत्त | ११ मे, सकाळी ११:४०

मी साबणाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली, तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

शेवंतीताई, फरक पडला हे मान्य. पण श्रेय चुकीच्या माणसाला देताय. रंध्रं म्हणजे काही खिडक्या नव्हेत. त्यांना उघडझाप करणारा स्नायूच नसतो, त्यामुळे गरम पाण्याने उघडत नाहीत आणि गार पाण्याने बंदही होत नाहीत. गारव्याने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, सूज जराशी उतरते, म्हणून कातडी घट्ट आणि रंध्रं बारीक *दिसतात*. अर्ध्या-पाऊण तासात सगळं मूळपदावर. रक्ताभिसरणाचं म्हणाल तर गार पाण्याने आधी ते कमीच होतं, नंतर अंग गरम होताना लाली येते.

मग फरक कशाने पडला? तुम्ही साबण सोडलात त्याने! आपली कातडी किंचित आम्ल असते, पीएच पाचाच्या आसपास. नेहमीचा अंगाचा साबण नऊ-दहाचा. तो तेल-मळ काढतो, सोबत कातडीचं स्वतःचं तेलही नेतो. साबणाने तोंड धुतल्यावर ओढल्यासारखं होतं ना, त्याला आपण इतकी वर्षं "स्वच्छ झालं" म्हणत आलो.

जाता जाता, वेष्टनावर टीएफएम (साबणातला एकूण स्निग्धाम्लांचा अंश) लिहिलेला असतो तो बघा. पहिल्या दर्जाच्या टॉयलेट सोपला, म्हणजे अंगाच्या साबणाला, किमान ७६ टक्के लागतो. "बेदिंग बार" असं छापलं असेल तर तो वेगळा प्रकार, त्यात साबणाचा अंश बराच कमी चालतो. पण ७६ वाचून हुरळून जाऊ नका. चांगला साबण झाला तरी तो साबणच, अल्कलीच. आम्ही कारखान्यातली माणसं हात धुऊन धुऊन हिवाळ्यात भेगाळलेले हात घेऊन घरी जायचो.

---

बटाटेवडा | ११ मे, दुपारी १:१५

मी आत्ता ऑफिसच्या बेसिनमध्ये हबके मारून आलो. शर्ट भिजला. चेहरा तोच आहे. (हलकेच घ्या.)

दाढीनंतर मात्र गार पाणी आणि तुरटी याला तोड नाही, हे मी आमच्या न्हाव्याच्या शपथेवर सांगतो.

---

बोअरवाला_लातूर | ११ मे, दुपारी २:५०

आमचं दुःख वेगळं आहे हो. पाणीच मिळण्याची बोंब, त्यात गार-गरम काय निवडणार? २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं ते आमचंच गाव. तेव्हा एका तांब्यात तोंड, दात आणि उरलं तर तुळस.

आता बोअरचं पाणी आहे, पण असं जड की डाळ शिजत नाही, बादलीच्या कडेला पांढरं कडं. साबण लावला तर फेस येत नाही, आणि धुतल्यावर हात फिरवला की चिकट-चिकट काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. बायकोची तोंडाची कातडी खरखरीत झालीय. नुसत्या गार पाण्याने हे बरं होईल का? आणि गार म्हणजे तरी काय, गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी नळाला चहाचं पाणी येतं.

---

नाना_निवृत्त | ११ मे, दुपारी ४:२०

@बोअरवाला, ते चिकट म्हणजे साबणाचा चुना झालेला आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो. बादलीला बसतं तेच तोंडाला बसतं. फेस येईना म्हणून माणूस आणखी साबण घासतो, म्हणजे आणखी साका.

घरी करून बघा: पारदर्शक बाटलीत निम्मं पाणी, साबणाचा किस चिमूटभर, झाकण लावून जोरात हलवा. पावसाचं किंवा आरओचं पाणी असेल तर वर भरपूर फेस आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ. बोअरचं असेल तर फेस थोडा आणि पाणी दुधाळ. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरलाय, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणतात. तुमचं त्याच्याही वर असेल तर आश्चर्य वाटायला नको.

उपाय सोपा. वहिनींना तोंडापुरता साबण बंद करायला सांगा. फारच वाटलं तर साबणविरहित क्लेन्झर मिळतात, ते जड पाण्यातही साका करत नाहीत. आणि शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा.

---

शेवंती_७९ | ११ मे, रात्री ९:३०

नाना, तुम्ही माझ्या सासूबाईंचा मुद्दा सिद्ध केलात की खोडलात, हेच मला कळेना! त्या म्हणाल्या, "मी सांगितलं काय होतं? *बंद कर* हे पहिलं सांगितलं होतं. गार पाणी नंतर." आता यावर काय बोलणार.

तरी मला गार पाण्याने बरं वाटतं ते वाटतंच. बघते, काहीतरी प्रयोग करून बघते.

---

पाणिनीचा_विद्यार्थी | ११ मे, रात्री १०:१०

हबके मारणं हे काही आजचं फॅड नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात दिनचर्या आहे. तिथे स्पष्ट म्हटलंय की मानेखालच्या अंगावर गरम पाणी घेतलं तर बळ येतं, तेच डोक्यावर घेतलं तर केसांचं आणि डोळ्यांचं बळ जातं. आपल्याकडे "डोक्यावरून कढत पाणी घेऊ नको" म्हणतात ते इथपर्यंत मागे जातं. मात्र हल्ली तोंड बुडवून बसतात तो बर्फाच्या पाण्याचा वाडगा त्यात कुठेही नाही, हेही सांगून ठेवतो.

---

मुलीची_आई | १२ मे, सकाळी ९:००

हे वाचून जरा धीर करून लिहितेय. मुलगी पंधराची आहे. कपाळावर आणि हनुवटीवर मुरमं. रोज रील बघून नवीन काहीतरी. आधी बर्फ चोळायची, थेट फ्रीजरमधला, गाल बधिर होईपर्यंत. मग लिंबू आणि खाण्याचा सोडा. आता एका मैत्रिणीने औषधाच्या दुकानातलं एक मलम दिलंय, "तीन दिवसांत साफ होतं" म्हणून. खरंच चार दिवसांत चेहरा गोरापान झाला, म्हणून मीही गप्प बसले. आता मलम संपलं तर आधीपेक्षा दुप्पट लाल पुटकुळ्या आल्यात आणि ती खोलीतून बाहेर यायला तयार नाही. नुसतं गार पाणी पुरेल का हो?

---

कातडी_डॉक्टर | १२ मे, दुपारी २:३५

ताई, नाही पुरणार. हे आधी सांगते, बाकी नंतर.

चार दिवसांत गोरं आणि सोडल्यावर दुप्पट लाल, हे वर्णन स्टिरॉइड असलेल्या मलमाचं असतं. ट्यूब फेकू नका. नाव वाचा आणि ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. अशी मलमं चिठ्ठीशिवाय मिळू नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारने नियम कडक केले, पण माझ्या ओपीडीत आठवड्याला दोन-तीन मुली अशाच येतात. सोडल्यावर काही आठवडे चेहरा चिडलेला राहतो. त्या काळात मुलीला "परत थोडंसं लावते" असं वाटणारच, तेव्हा तिच्या बाजूला बसा. गार पाण्याची घडी दहा मिनिटं ठेवली तर आग कमी होते, गार पाण्याचा खरा उपयोग इथे आहे.

मुरमं बाहेरच्या धुळीने होत नाहीत. केसाच्या मुळाशी तेल साठतं, तोंड बंद होतं, आत जंतू वाढतात. हार्मोनमुळे या वयात तेल जास्त. तिथे पाणी पोचतच नाही. औषधं आहेत आणि चांगली आहेत, पण आठ ते बारा आठवडे धीर लागतो. रीलमध्ये तेवढा वेळ नसतो.

लिंबू: पीएच दोनच्या आसपास. लावून उन्हात गेलं तर काही जणांना भाजल्यासारखे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने राहतात. सोडा: अल्कली. म्हणजे एकदा आम्ल, एकदा अल्कली, कातडीचं फुटबॉल. बर्फ थेट लावू नये, पातळ फडक्यात गुंडाळून मिनिटभर पुरे.

आता गार पाण्याबद्दल कोणी बोललं नाही ते. काही जणांना गार पाणी लागलं की लगेच खाज सुटून गांधी उठतात. घरात "पित्त उठलं" म्हणून कोकम देतात. पण गारव्याचीच अ‍ॅलर्जी असू शकते. हातावर बर्फाचा खडा पाच मिनिटं प्लॅस्टिकमध्ये ठेवून आम्ही ते तपासतो. अशा माणसाने थंड नदीत किंवा तलावात एकदम उडी मारणं धोक्याचं, चक्कर येऊन बुडू शकतो. दुसरं, बर्फाच्या पाण्याच्या वाडग्यात तोंड बुडवून बसायचं जे खूळ आलंय, त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. हे शरीराचं जुनं प्रतिक्षिप्त कर्म आहे, काही वेळा ठोके पळत सुटलेल्या पेशंटला डॉक्टर मुद्दाम तेच करायला लावतात. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्याने ते घरी करू नये. शेवंतीताईंचे माठातल्या पाण्याचे हबके सुखाने चालू द्या.

---

कोकमकढी | १२ मे, दुपारी ३:०५

डॉक्टर, उटण्याबद्दल पण सांगा ना. आमच्याकडे घरी करतात. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, संत्र्याची साल, बावची, गुलाबपाकळी. दिवाळीनंतरही मी आठवड्यातून दोनदा तोंडाला लावते.

---

कातडी_डॉक्टर | १२ मे, संध्याकाळी ६:५०

दिवाळीत पहाटे तेल लावून एकदा लावलं आणि धुऊन टाकलं, ठीक. पण तुमच्या यादीतली बावची तोंडासाठी काढून टाका. तिच्यात सोरालेन असतं, त्याने कातडी उन्हाला फार हळवी होते. कोडावर ती जुन्या काळापासून वापरतात ती याच गुणामुळे. तुम्ही लावून कोकणातल्या उन्हात कपडे वाळत घालायला गेलात की रापायला वेळ लागणार नाही. शिवाय उटणं वस्त्रगाळ करा. भरड पूड चोळली की सूक्ष्म ओरखडे येतात, आणि आपल्या सावळ्या कातडीवर प्रत्येक ओरखडा काळा डाग ठेवून जातो.

---

मिनेसोटाचा_मावळा | १२ मे, रात्री ११:४५ (भारतातली वेळ)

इथे जानेवारीत नळाचं पाणी चार-पाच अंशांवर असतं. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "गार पाण्यानं धुतोस ना रे तोंड?" मी मोठ्या भक्तिभावाने दोन दिवस केलं. कपाळ ठणकलं, बोटं पांढरी पडली आणि ओठ फुटले. घरात हीटरमुळे हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल तासाभरात कडक. आता कोमट पाणी आणि अंग ओलं असतानाच वर व्हॅसलीनचा हात. तेवढ्याने भेगा थांबल्या.

मुद्दा असा की पुण्यातलं "गार" आणि इथलं "गार" यात फ्रीजभर अंतर आहे.

---

बटाटेवडा | १३ मे, सकाळी १०:२०

डॉक्टर, सनस्क्रीन लावून बाईकवर फिरतो. संध्याकाळी नुसतं गार पाणी मारलं की तोंडावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे. म्हणजे स्वच्छ झालं की नाही?

---

नाना_निवृत्त | १३ मे, सकाळी ११:००

नाही झालं! तुपाचं पातेलं गार पाण्याखाली धरून बघा, थेंब असेच उभे राहतात. सनस्क्रीन, डिझेलचा धूर आणि कातडीचं तेल हे गार पाण्याने सुटत नाही. संध्याकाळी एकदा कोमट पाणी आणि सौम्य क्लेन्झर, वाटाण्याएवढा. सकाळी हवे तेवढे हबके मारा, रात्री झोपेत तुम्ही कुठे बाईकवर फिरत नाही.

---

कातडी_डॉक्टर | १३ मे, दुपारी १:३०

नानांना अनुमोदन. आणि सनस्क्रीन सोडू नका. माझ्याकडे वांगाच्या बायका येतात, त्यातल्या निम्म्या "मी सगळं नैसर्गिकच वापरते" असं सांगतात आणि रोज सकाळी अकराला उन्हात रिक्षाची वाट बघतात. बाकी काही लावलं नाही तरी चालेल. शेवंतीताई, खोबरेल तुम्हाला मानवतंय तर लावा, पण मुलीच्या_आईंनी हे वाचून मुलीला लावू नये. मुरमं असलेल्या तोंडावर ते रंध्रात बसतं.

---

शेवंती_७९ | २ जून, सकाळी ७:४०

धागा वर काढतेय, कारण प्रयोग झाला.

पंधरा दिवस डाव्या गालाला माठातलं पाणी, उजव्याला कोमट. साबण कुठेच नाही. मुलाच्या फिशटँकमधला तापमापक पळवला होता. सकाळी माठ २४ अंश, दुपारी तीनला नळाचं पाणी ३८! म्हणजे @बोअरवाला म्हणतात ते खरं, आपण उन्हाळ्यात नळाखाली "गार पाण्याने" धुतो म्हणजे फक्त गीझर लावत नाही एवढंच.

निकाल: सकाळी उठल्यावर डोळ्याखाली जी पिशवी असते ती डावीकडे लवकर उतरायची. नवऱ्याला रोज विचारलं, कुठली बाजू बरी दिसते? पहिले तीन दिवस त्याने प्रामाणिकपणे बघितलं, चौथ्या दिवसापासून "दोन्ही" म्हणून पेपरात तोंड. अर्धा तास गेला की मलाही आरशात फरक सांगता येत नव्हता.

मग शेवटचे चार दिवस उजव्या गालाला नेहमीचा साबण लावला. दुसऱ्या दिवशी ओढ. तिसऱ्या दिवशी नाकपुडीच्या कडेला कोंड्यासारखं पांढरं, अगदी नोव्हेंबरात झालं होतं तस्सं, फक्त कमी. बोट फिरवलं की कागदावर फिरवल्यासारखा आवाज. डावीकडे काही नाही. नाना, हरले.

संध्याकाळी आता क्लेन्झर आणलाय, कारण सनस्क्रीन लावायला लागले. सकाळचे हबके चालूच आहेत, उगाच, आवडतात म्हणून.

---

बोअरवाला_लातूर | २ जून, सकाळी ९:१५

बाटली हलवून बघितली. ताकासारखं पाणी निघालं, पोरं हसायला लागली. बायकोने तोंडाचा साबण बंद केलाय, तीन आठवडे झाले, खरखर बरीच कमी आहे. शेवटचा तांब्या आरओचा. काल एक सर पडली तर पोरांनी पन्हाळीखाली पातेली लावली आणि त्या पाण्यातही साबण हलवून बघितला. बाटलीभर फेस.

---

मुलीची_आई | २ जून, दुपारी १२:३०

डॉक्टर, तुमचं ऐकून ट्यूब घेऊन गेलो. स्टिरॉइडच निघालं. औषध चालू आहे, अजून लाल आहे, पण परवा क्लासला गेली. रात्री आग व्हायला लागली की स्वतःच गार पाण्याची घडी ठेवते. बर्फाचा ट्रे आता फक्त सरबताला.

---

कोकमकढी | २ जून, दुपारी १२:४५

बावची वगळली. आई विचारतेय उरलेल्या पावशेराचं काय करू? शेवंतीताई, तुमच्या माठाचं काय झालं ते सांगितलंच नाही.

---

शेवंती_७९ | २ जून, रात्री ८:५५

सासूबाईंनी दुसरा आणला. मोरीच्या बाहेर ठेवलाय, छोटा, तोटीचा. पिण्याच्या माठाला हात लावायचा नाही अशी ताकीद आहे. आज सकाळी बघते तर त्या स्वतःच त्याच्यापुढे उभ्या, पदर खोचून हबके मारतायत.